१०८९ सीसी: तुरिन, कुर्ला आणि खंबाटकीचा घाट

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित अवतार. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही आणि वाचायला जमतं, त्यांच्यासाठी. बोलताना थोडं इकडेतिकडे गेलो होतो, तेवढं सरळ केलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एक इंजिन आहे. गाडी नाही, इंजिन. चार सिलिंडर, १०८९ सीसी, साधारण चाळीस हॉर्सपॉवर. आकडा ऐकून कोणी खुर्चीतून उठणार नाही, मला माहितीये. आज साध्या हॅचबॅकमध्येही यापेक्षा जास्त ताकद असते. पण हे इंजिन १९३७ मध्ये इटलीत जन्मलं, कुर्ल्यात वाढलं आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून एकविसाव्या शतकात आलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली, तेव्हा सगळ्यांनी टॅक्सीचे फोटो टाकले. बॉनेटखालच्या वस्तूबद्दल फार कोणी बोललं नाही. ते आज आपण बोलू.

आणि हो, यात माझा स्वार्थ आहे. आमच्या घरी १९८४ ची पद्मिनी आहे. तिचं काय करायचं, यावरून घरात दोन वर्षं वाद चालू आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

तुरिनमधला एक तरुण इंजिनिअर

१९३० च्या दशकात फियाट कंपनीत दान्ते जाकोसा नावाचा इंजिनिअर होता. वयाच्या तिशीत त्याने फियाट ५०० म्हणजे 'तोपोलिनो' ही छोटी गाडी डिझाइन केली. ती १९३६ ला आली. लगेच पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, ५०८ सी ही थोडी मोठी गाडी आली. लोक तिला पुढे नुसतं '११००' म्हणायला लागले. इटालियनमध्ये 'मिलेचेंतो', म्हणजे अकराशे.

या गाडीच्या इंजिनाचं माप लक्षात ठेवा: बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली किती सरकतो ते अंतर. कॅल्क्युलेटर काढून गणित करून बघा. चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी येतात. हे ६८ गुणिले ७५ चं माप पुढे साठ वर्षांहून जास्त टिकलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे पाच वर्षं जुना कोड दिसला की लोक नाक मुरडतात. साठ वर्षं म्हणजे काय, विचार करा.

१९३७ मध्ये हे इंजिन ३२ हॉर्सपॉवर द्यायचं. त्या काळासाठी ते चांगलंच पुढारलेलं होतं. तेव्हाच्या बऱ्याच स्वस्त गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे. जाकोसाच्या इंजिनात ते वर, हेडमध्ये होते. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्याच्यावरून सळ्या वर जातात, त्या सळ्या रॉकर ढकलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतात. याला पुशरॉड इंजिन म्हणतात. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. हे हेड आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

दुसरं महायुद्ध संपलं आणि इटलीत पैसा नव्हता, पण रेसिंगची हौस होतीच. मग चिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीने डी४६ ही रेसिंग कार बाजारात आणली, तीही जाकोसाचीच डिझाइन. इंजिन? हेच, फियाट ११०० चं, ट्यून करून. १९४६ मध्ये तुरिनच्या कोप्पा ब्रेत्झी शर्यतीत ताझिओ नुव्होलारी हा दंतकथा बनलेला ड्रायव्हर ही गाडी चालवत होता. चालू शर्यतीत त्याच्या गाडीचं स्टिअरिंग हातात निघून आलं, तरी तो ते हवेत हलवत पुढे जात राहिला, अशी गोष्ट सांगतात. दादरच्या सिग्नलला मीटर खाली पाडणारी टॅक्सी आणि ही रेसिंग कार, दोघींचं काळीज एकच. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी पार्किंगमध्ये जाऊन आमच्या गाडीकडे जरा आदराने बघितलं.

१९५३ मध्ये फियाटने ११०० ला नवं, एकसंध बॉडीचं रूप दिलं. मॉडेलचा आकडा १०३. इंजिन तेच, आता ३६ हॉर्सपॉवरचं. आणि इथून गोष्ट आपल्याकडे येते.

कुर्ला

सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद, मूळचे सोलापूरचे. जहाज कंपनी, विमान कारखाना, साखर कारखाना, सगळ्यात हात घातलेला माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या तिथे जोडल्या जात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी जमलं. आधी छोटी ५००, मग १९५४ पासून ११००.

आता इथे एक राजकारण समजून घ्यायला हवं. तोवर भारतात परदेशी कंपन्या सुटे भाग आणून गाडी जोडायच्या आणि विकायच्या. जनरल मोटर्सचा कारखाना तर मुंबईत शिवडीला होता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांची इथे भाग बनवायची तयारी आहे त्यांनीच थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळून गेले. जे राहिले, त्यात प्रीमियर होती. म्हणजे कुर्ल्यात नुसती जोडणी करून भागणार नव्हतं. ओतकाम, मशिनिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, कार्ब्युरेटर, सगळं हळूहळू इथे बनवायचं किंवा इथल्या कारखान्यांकडून बनवून घ्यायचं. त्या एका इंजिनाच्या आधाराने सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे कारखाने जगले.

पण याच नियमाची दुसरी बाजूही आहे. लायसन्स राज. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार. गाडीची किंमतसुद्धा काही वर्षं सरकार ठरवत होतं, आणि त्यावरून प्रीमियरचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला, १९७१ मध्ये निकाल लागला. परदेशी तंत्रज्ञान आणायचं तर परवानगी, परकीय चलन हवं तर परवानगी. मग कंपनी काय करणार? जे आहे तेच बनवत राहणार. गिऱ्हाईक तर नंबर लावून उभंच होतं.

गंमत बघा. इटलीत १९६२ ला ११०० डी आली तेव्हा इंजिन १२२१ सीसीचं झालं होतं. आपल्याकडे डीची बॉडी आली, पण इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्ये संपली. आपल्याकडे ती त्यानंतर आणखी तीस वर्षं चालली. फियाटशी करार संपला, १९७० च्या दशकात नाव बदलून आधी प्रेसिडेंट आणि मग चितोडच्या राणीवरून पद्मिनी झालं. नाव बदललं, लोखंड तेच.

त्या काळात गाडी घेणं म्हणजे काय होतं, हे एका गोष्टीवरून कळतं. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घ्यायचं ठरवलं. किंमत बारा हजार. खात्यात सात हजार. उरलेल्या पाच हजारांचं पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले. कर्ज बाकी होतं, ते ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आजही दिल्लीतल्या शास्त्री स्मारकात उभी आहे. देशाच्या पंतप्रधानाला कर्ज काढावं लागलं, त्या गाडीच्या बॉनेटखाली हेच इंजिन.

बॉनेट उघडूया

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, मी पण कॉम्प्युटरवाला आहे, मला जसं कळलं तसं सांगतो.

पहिली गोष्ट, क्रँकशाफ्ट. पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा दांडा तो क्रँक. या इंजिनात तो तीन मेन बेअरिंगवर टेकलेला आहे: दोन टोकं आणि मधोमध एक. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनात सहसा पाच असतात. आधार कमी म्हणजे जोरात फिरवलं की दांडा किंचित लवतो. म्हणून जुने ड्रायव्हर या गाडीला कधी फार रेस करत नाहीत. एक लयीत, मधल्या स्पीडला चालवतात. इंजिनाचा स्वभाव ओळखून चालवणं म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट, कार्ब्युरेटर. सोलेक्सचा, एकच. यात कुठलाही सेन्सर नाही. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि पेट्रोल जेटमधून ओढलं जातं. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू आणि त्याला मोजून पाडलेलं भोक. त्या भोकाच्या मापावर मिश्रण ठरतं. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे आदर्श प्रमाण. तुमच्या आजच्या गाडीत हे प्रमाण कॉम्प्युटर सेकंदाला अनेकदा दुरुस्त करतो. इथे ते काम एक पितळेचं भोक आणि एक मिस्त्री करतात. मिस्त्री स्लो सेट करताना स्क्रू फिरवतो, कान देतो, पुन्हा पाव फेरा मागे. त्याचा कान हाच सेन्सर.

तिसरी गोष्ट पेट्रोल पंप. तो इंजिनाच्याच कॅमवर चालतो, इंजिनालाच चिकटलेला. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अडकलात की पंप इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही. गाडी बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात. यावरचा उपाय मुंबईतल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला माहीत होता: पंपावर ओलं फडकं टाका, बिडी ओढा, दहा मिनिटांनी स्टार्टर मारा. हे फडकं कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

चौथी गोष्ट माझी सगळ्यात आवडती. डिस्ट्रिब्युटर. गॅरेजमध्ये याला 'डिलको' म्हणतात. याच्या आत दोन छोटे धातूचे ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणायचं. मधला चौकोनी कॅम फिरतो, त्याच्या कोपऱ्यावर पॉइंटची टाच चढली की ठिपके वेगळे होतात. त्या क्षणी कॉइलचा करंट तुटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी प्लगला जाते. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

आता हिशोब करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय. चार सिलिंडर, प्रत्येकाची ठिणगी दर दोन फेऱ्यांना एकदा. म्हणजे मिनिटाला ६००० ठिणग्या, सेकंदाला १००. तासाभरात ते दोन ठिपके तीन लाख साठ हजार वेळा उघडतात आणि मिटतात. दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीत. आणि त्यांच्यामधली फट असते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी.

फट कमी झाली तर ठिणगी उशिरा पडते आणि पॉइंट जळतात. फट जास्त झाली तर कॉइलला भरायला वेळ मिळत नाही, जोरात चालवताना गाडी मिसिंग मारते. म्हणून दर काही हजार किलोमीटरला पॉइंट उघडायचे, पॉलिश पेपरने साफ करायचे, फीलर गेजने फट लावायची. फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड. जाड कार्डाची जाडी साधारण तेवढीच असते.

याशिवाय टॅपेटची फट, प्लग, फॅनचा पट्टा, वॉटर पंप, ऑइल. आणि काही वर्षांनी इंजिन तेल खायला लागलं, मागून निळा धूर यायला लागला, की इंजिन उतरवून बांधायचं: सिलिंडर बोअर करायचे, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घालायच्या, क्रँक ग्राइंड करून बेअरिंग बदलायचे. असं एकच इंजिन दोनदा, तीनदा बांधलं जायचं. प्रत्येक वेळी भोक किंचित मोठं. म्हणजे जुन्या टॅक्सीचं १०८९ सीसी प्रत्यक्षात थोडं जास्तच असायचं!

मग ते गेलं का?

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि ताकद जवळपास पद्मिनीइतकीच. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पद्मिनी जवळपास नऊशे. इंजिनिअरिंगमध्ये याच्यापुढे वाद संपतो. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली, तिच्यात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. पुढे पद्मिनीचं डिझेल मॉडेलही आलं. एका फ्रेंच कंपनीबरोबर आणि मग पुन्हा फियाटबरोबर नवे संसार थाटून झाले. संप, टाळेबंदी, तोटा. २००० च्या आसपास पद्मिनी बनणं थांबलं. कुर्ल्यात आज 'प्रीमियर' हे नाव रस्त्याच्या पाटीवर आहे.

टॅक्सीत मात्र ते इंजिन टिकलं आणि त्यालाही कारण आहे. मुंबईच्या हवेच्या प्रदूषणावरून हायकोर्टात जनहित याचिका झाली, आणि २००० नंतरच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. १९३७ च्या इंजिनाला नवं इंधन. कार्ब्युरेटरवर एक मिक्सर, डिकीत सिलिंडर. डिकी भरली म्हणून सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. तो कॅरिअर पुढे या टॅक्सीची ओळख झाला.

शेवटी तिला हरवलं ते नियमाने: टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती. वीस वर्षं मोजा.

मला एक प्रश्न नेहमी पडतो. हे इंजिन इतकं टिकलं ते चांगलं होतं म्हणून, की आपल्याला दुसरं काही मिळू दिलं नाही म्हणून? माझ्या पिढीच्या लोकांना नॉस्टॅल्जिया फार पटकन होतो. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "तू नंबर लावून उभा नव्हतास, म्हणून तुला गंमत वाटते." खरं आहे. लायसन्स राज नसतं तर हे इंजिन कदाचित सत्तरच्या दशकातच निवृत्त झालं असतं. पण तीस वर्षं तीच वस्तू हातात राहिली म्हणून गल्लोगल्ली ती उघडून बांधणारी माणसं तयार झाली, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी एकत्रच आल्या. मला त्या वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

खंबाटकी

आता घरची गोष्ट.

बाबांची पद्मिनी १९८४ ची. आम्ही पुण्यात राहतो. सांभाळ एकाच मिस्त्रींनी केला, आजोबांच्या काळापासून. गेल्या वर्षी त्यांनी गॅरेज बंद करायचं ठरवलं. मुलं दुसऱ्या कामात आहेत, गुडघे चालत नाहीत. मी म्हटलं, मी शिकतो. त्यांनी मला चार रविवार दिले. जुनं सर्व्हिस मॅन्युअल दिलं, पानं तेलाने पारदर्शक झालेली. मी फोटो काढले, नोट्स काढल्या, स्प्रेडशीट केली. इंजिनिअर माणूस!

मग पॉइंट मी स्वतः बदलले. नवे पॉइंट, फीलर गेजने फट, टायमिंग लाइटने टायमिंग. गाडी मस्त चालली. महिनाभरात सातशे-आठशे किलोमीटर झाले. मग बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो.

खंबाटकीच्या चढाला गाडी ओढेना. तिसरा गिअर, मग दुसरा. बाबा नुसते तापमानाच्या काट्याकडे बघत होते. काटा वर, वर, आणि मग बॉनेटमधून वाफ. मी गाडी एका सपाट जागी बाजूला घेतली.

इथे ते ॲल्युमिनियमचं हेड आठवा. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड. दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात. जास्त तापलं तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, पाणी आणि ऑइल मिसळतं. या गाडीला आता नवं हेड आणायचं कुठून? बाबा काही बोलले नाहीत, पण भंगारवाल्याची ऑफर घरी आलेली होतीच. त्या दिवशी हेड गेलं असतं तर वाद तिथेच संपला असता.

मिस्त्रींना फोन लावला. मी रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप असं काय काय सांगत होतो. त्यांनी मधेच तोडलं.

"पॉइंट कोणी बदलले?"

"मीच, काका."

"कॅमला ग्रीस लावलंस का?"

मी गप्प.

डिलकोमधल्या त्या चौकोनी कॅमवर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस लावायचं असतं. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. अजिबात नाही लावलं तर नव्या पॉइंटची फायबरची टाच कोरड्या कॅमवर घासून झिजते. टाच झिजली की फट मिटते. फट मिटली की ठिणगी उशिरा. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल पिस्टन खाली जाताना जळत राहतं, ताकद कमी आणि उष्णता जास्त. चढाला गाडी ओढत नाही आणि तापते. एका मुगाच्या दाण्यापासून वाफेपर्यंत सरळ रेघ.

"आधी गार होऊ दे," ते म्हणाले. "रेडिएटरचं झाकण आत्ता उघडशील तर तोंड भाजेल. अर्धा तास बस. मग फट लाव. गेज आणलंयस?"

नव्हतं आणलं. बाबांनी पाकिटातून त्यांचं ऑफिसातलं जुनं व्हिजिटिंग कार्ड काढलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी पाकिटात होतं.

इंजिन थोडं थोडं फिरवायचं तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकलायची. बाबा ढकलत होते, मी डिलकोत डोकं घालून "अजून थोडं, अजून थोडं, बास!" टाच कोपऱ्याच्या टोकावर आली, कार्ड घातलं, स्क्रू आवळला. डिपस्टिकला थोडं ग्रीस लागलेलं असेल म्हणून बघितलं, नव्हतं. शेवटी दरवाजाच्या बिजागरीवरचं बोटाने खरवडून लावलं. मिस्त्री फोनवर म्हणाले, "चालेल, घरी जाईपर्यंत चालेल." पाणी भरलं. स्टार्टर मारला. लागली. हेड वाचलं होतं.

घरी आल्यावर मॅन्युअल उघडलं. ग्रीसची ओळ तिथे छापलेली होती. मी पानाचा फोटोही काढला होता. वाचली नव्हती. आमच्या ऑफिसात यावर रोज भांडणं होतात, 'डॉक्युमेंटेशन वाचा रे.' मीच वाचलं नव्हतं.

मधल्या वयाची गाडी

आता वाद काय आहे ते सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला नंबरात 'व्हीए' ही वेगळी मालिका मिळते. आमची गाडी तिथे पोचेल २०३४ मध्ये. तोवर ती सामान्य जुनी गाडी. दर पाच वर्षांनी फिटनेस, फेरनोंदणी, हरित कर. म्हणजे वारसा व्हायला लहान आणि वापरायला म्हातारी.

दुसरं, पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. आजची गाडी ते ओळखून पेट्रोल वाढवते. आपलं पितळेचं भोक तेवढंच राहतं, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. शिवाय इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम खराब करतं, आणि ओलावा ओढून घेतं. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी चार गोष्टी कराव्यात: नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल चालणारे बसवा, मिस्त्रीकडून जेट एक माप मोठा करून बघा, प्लगचा रंग तपासा (पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, काळा असेल तर दाट, फिकट बदामी हवा), आणि गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा.

आणि पाचवी: कॅमला ग्रीस.

बाबा म्हणायचे, देऊन टाकू, तुला त्रास नको. मी म्हणायचो, ठेवू. खरं सांगू? खंबाटकीच्या आधी माझं 'ठेवू' हे फोटोंसाठी होतं. आता मला माहितीये ठेवणं म्हणजे काय. दर रविवारी दोन तास, काळी झालेली नखं, आणि ज्यांना विचारायचं त्या माणसाचं वय अठ्ठ्याहत्तर. जाकोसाचं इंजिन टिकेल, सुटे भाग अजून मिळतात. 'कॅमला ग्रीस लावलंस का' हे विचारणारं कोणी राहील का, हा प्रश्न आहे.

म्हणून आम्ही असं ठरवलंय. २०२९ ला फेरनोंदणी येते, तोवर ठेवायची. दर रविवारी मी मिस्त्रींकडे जातो. ते सांगतात, मी रेकॉर्ड करतो आणि लिहून काढतो: टॅपेटचा आवाज कसा ओळखायचा, वॉटर पंप जायच्या आधी काय होतं, ओलं फडकं कुठे टाकायचं. जे मॅन्युअलमध्ये आहे ते, आणि जे नाही ते. आत्तापर्यंत अकरा रेकॉर्डिंग झाली आहेत. २०२९ ला मी एकट्याने हे इंजिन उतरवून बांधू शकलो तर २०३४ पर्यंत न्यायची. नाही जमलं, तर ज्याला जमतं त्याला देऊन टाकायची. बाबा हो म्हणाले. ते कार्ड आता डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय, काळा ठिपका लागलेलं.

तुमच्या घरी, चाळीत, मामाच्या गावी असं इंजिन असेल, किंवा असा मिस्त्री असेल, तर या रविवारी एकदा जाऊन या. फोन घेऊन जा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा की पॉइंट कसे लावतात. चहा तेच पाजतील.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, सांभाळून चालवा.